नळीला वळण लावणारा धंदा

पोकळ नळी वाकवणे हे भरीव सळई वाकवण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. सळईला जोर लावला की ती वाकते. नळीला जोर लावला की ती आधी चपटते, मग वळणाच्या आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि जोर फार झाला तर बाहेरच्या बाजूला तडकते. पपईच्या पानाचा पोकळ देठ वाकवून पाहिला की हे लगेच कळते. देठ गोलाईत वळत नाही, एका जागी दबतो आणि मोडतो. लोखंडाच्या नळीचेही तेच होऊ पाहते, आणि ते होऊ न देणे हेच या धंद्याचे सारे कसब. सायकलचे हँडल, एसटीतल्या सीटचा सांगाडा, दवाखान्यातला पलंग, मोटारसायकलचा सायलेन्सर, साखर कारखान्याचा बॉयलर, दूध संघातली स्टीलची वाहिनी अशा सगळ्या वस्तूंमागे कुणीतरी वाकवलेली नळी असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात, कराडच्या आसपास, या कामाला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला धातू ताणला जातो आणि पातळ होतो. आतल्या अंगाला तो दाबला जातो आणि जाड होतो. किती पातळ होणार, हे वळणाच्या त्रिज्येवर ठरते. समजा नळीचा बाहेरचा व्यास 50 मिलिमीटर आहे आणि तिच्या मध्यरेषेची वळणाची त्रिज्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे 100 मिलिमीटर आहे. अशा वळणात बाहेरची भिंत साधारण एक पंचमांशाने पातळ होते. 2 मिलिमीटर जाडीची नळी तिथे सुमारे 1.6 मिलिमीटर उरते. त्रिज्या व्यासाच्या दीडपट ठेवली तर एक चतुर्थांश जाडी जाते. म्हणून गिऱ्हाईक जितके आवळलेले वळण मागते, तितकी मूळ नळी जाड घ्यावी लागते किंवा यंत्र अधिक भारी लागते. चांगला कारागीर ड्रॉइंग हातात आल्यावर प्रथम हे गुणोत्तर पाहतो. भावाची गोष्ट त्यानंतरची.

जुन्या काळी यावर उपाय होता वाळूचा. नळीच्या एका टोकाला लाकडी खुंटी ठोकायची, नळी उभी धरून आत बारीक कोरडी वाळू भरायची, बाहेरून हातोडीने ठोकत ती दडपून बसवायची, मग दुसरे टोक बंद करायचे. भट्टीत नेमकी वळणाची जागा लाल करून नळी साच्याभोवती ओढायची. आतली वाळू भिंतींना आधार देते, त्यामुळे नळी चपटत नाही. पण वाळू नीट भाजून सुकवलेली असावीच लागते. तिच्यात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

आजच्या यंत्रात वाळूची जागा मँड्रेलने घेतली आहे. मँड्रेल म्हणजे नळीच्या आत घालायचा पोलादाचा किंवा ब्राँझचा दांडा. त्याच्या टोकाला एकमेकांत अडकवलेले गोळे असतात आणि ते वळणाबरोबर वळतात. बाहेर गोल खाचेचा बेंड डाय, नळी पकडणारा क्लॅम्प, बाजूने दाबणारा प्रेशर डाय आणि आतल्या अंगाच्या चुण्या पुसून काढणारा वायपर डाय असा चौघांचा संच लागतो. स्टेनलेस स्टीलच्या नळीला पोलादी मँड्रेल घासून चरे पाडतो, म्हणून तिथे ब्राँझ वापरतात. प्रत्येक व्यासाला आणि प्रत्येक त्रिज्येला वेगळा संच. नव्या कारखानदाराचे पैसे यंत्रापेक्षा या डायांतच जास्त अडकतात, आणि हे बहुतेकांना पहिली ऑर्डर घेतल्यावर कळते.

याशिवाय धातूला स्वतःची आठवण असते. 90 अंशांत वाकवून सोडली की नळी थोडी मागे येते. कारखान्यात याला स्प्रिंगबॅक म्हणतात. साध्या लोखंडापेक्षा स्टेनलेस जास्त मागे येते. त्यामुळे 90 हवे असतील तर 92 किंवा 93 पर्यंत वाकवावे लागते, आणि नेमके किती हे नळीच्या प्रत्येक नव्या मालाबरोबर थोडे बदलते. शिवणीच्या, म्हणजे पत्रा गोल करून वेल्ड केलेल्या नळीत शिवण कुठे ठेवायची तेही पाहावे लागते. ती बाहेरच्या अंगाला आली तर उसवण्याची भीती, म्हणून ती ना ताण ना दाब अशा बाजूच्या रेषेवर ठेवतात.

कराड भागात धातूच्या वाकवलेल्या नळीला घरोघरी नेले ते एका दिव्याने. 1916 साली ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानाच्या आश्रयाने, काचेचा कारखाना उभा केला आणि त्या जागेलाच ओगलेवाडी हे नाव पडले. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याने महाराष्ट्रात काचकामाचे शिक्षण सुरू केले होते. ओगलेवाडी त्याच स्वदेशी लाटेतली. तिथे काचेबरोबर पुढे प्रभाकर कंदील बनू लागला, आणि तो मराठी मुलखातल्या ओट्याओट्यावर आणि गोठ्यागोठ्यात पोचला. कंदील म्हटले की काच आठवते, पण वादळात न विझणाऱ्या कंदिलाचा जीव काचेत नसतो. तो बाजूच्या दोन वाकवलेल्या नळ्यांत असतो. वरच्या घुमटाजवळची हवा या नळ्यांतून खाली उतरते, तेलाच्या टाकीवरच्या कोठीत येते आणि तिथून वातीला मिळते. बाहेरचा झोत थेट ज्योतीला लागत नाही, तरीही तिला श्वास मिळतो. ही कल्पना जॉन आयर्विन या अमेरिकन माणसाने 1860 च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि डिट्झ कंपनीने जगभर नेली. नळी कुठे दबली किंवा सांधा सुटला की कंदील काजळी धरतो. त्याच नळ्यांना कंदिलाचे वजनही पेलायचे असते. म्हणजे हवा वाहणे आणि भार सोसणे ही नळीची दोन्ही कामे एकाच वस्तूत, तीही गरिबाला परवडणाऱ्या पत्र्यात करायची होती. परदेशी मालाशी टक्कर देत हे करणे ही अभियांत्रिकी होती, आणि ती खेड्यात उभी राहिली होती.

कराडहून रेल्वेने दक्षिणेकडे गेले की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाली. पोलादी नळीच्या सांगाड्यावर उभी असलेली सायकल तेव्हा युरोपातही नवलाईची होती. जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी बिनशिवणीची नळी काढण्याची रीत शोधली ती 1885 साली, आणि अशा नळीला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते सायकलचेच. लक्ष्मणराव मात्र सायकल विकण्यावर थांबले नाहीत. कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपवणे तो घडवण्याइतकेच कठीण गेले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ आणि भांडवल दिले, आणि 1910 साली निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. 1926 च्या सुमारास पंप आले. पुढे लोखंडी फर्निचरही तिथे बनले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली काढलेला कारखाना नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत पोचला.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: माल स्वतःच्या नावाने विकला जात होता. कंदील प्रभाकर, नांगर किर्लोस्कर, इंजिन कूपर. शेतकरी नाव पाहून घेत होता आणि काही बिघडले तर कुणाकडे जायचे हे त्याला ठाऊक होते. या भागात आज जे शेकडो लहान-मोठे फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत, त्यांच्याशी तुलना करताना हा मुद्दा विसरून चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात नळीकामाला सर्वात मोठे गिऱ्हाईक मिळाले ते उसाचे. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, पाटण तालुक्यातला बाळासाहेब देसाई असे सहकारी कारखाने एकामागून एक उभे राहिले. साखर कारखाना आतून पाहिला तर तो नळ्यांचा गुंता आहे. रस तापवणाऱ्या हीटरात नळ्या, रस आटवणाऱ्या बाष्पीभवन यंत्रात हजारोंनी नळ्या. पण त्या सरळ असतात. वाकवण्याची खरी परीक्षा बॉयलरची. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या बॉयलरात वर वाफेचा मोठा पिंप असतो आणि खाली गाळाचा. त्या दोघांना जोडणारी प्रत्येक नळी पिंपाच्या गोलाईला काटकोनात शिरली पाहिजे, तरच ती एक्सपांडरने फुगवून गळती न होता बसते. पिंप गोल आणि नळ्यांच्या ओळी अनेक, म्हणून प्रत्येक ओळीचे वळण वेगळे. एका ओळीची नळी दुसरीत चालत नाही. वळणात नळी पातळ झाली, चपटली किंवा आत चुणी राहिली तर तिथे क्षार साचतात, धातू तापतो आणि भर हंगामात नळी फुटते. बॉयलर बंद म्हणजे गाळप बंद, आणि गेटाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग.

म्हणून या कामावर कायद्याची नजर आहे. 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आणि त्याखालचे 1950 चे नियम यांनी नळीचा माल, जाडी, वळण, वेल्डिंग, दाबाची चाचणी आणि वेल्डरचे प्रमाणपत्र या सगळ्याला शिस्त लावली; 2025 साली त्या जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यावर बॉयलरांचे दाब वाढले आणि नळीतली चूक अधिक महाग झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. मधले पावसाळ्याचे महिने दुरुस्तीचे. या महिन्यांत गावोगावचे फिटर, वेल्डर आणि वर्कशॉप कारखान्यांत राबतात. कराड भागातल्या अनेक फॅब्रिकेटरांची खरी शाळा ही दुरुस्तीची मोसमी कामेच होती, आणि ती शाळा कडक होती: काम बरोबर झाले की नाही, हे पहिल्या वाफेला कळत असे.

दुधाच्या धंद्याने वेगळीच शिस्त शिकवली. भिलवडीच्या चितळे डेअरीपासून गावोगावच्या संघांपर्यंत सगळीकडे स्टेनलेसच्या वाहिन्या लागतात. इथे वळण मजबूत असून भागत नाही. आतून ते आरशासारखे गुळगुळीत हवे. बारीकशी चुणी किंवा वेल्डचा फुगवटा आत राहिला की दुधाचा अंश तिथे अडकतो आणि जंतू वाढतात. त्यासाठी टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन वायू सोडतात, म्हणजे आतली बाजू काळी पडत नाही.

उपसा सिंचनाच्या मोठ्या पाइपांची गोष्ट उलटी आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी माणदेश आणि जत-कवठेमहांकाळकडे नेले जाते. त्या पाइपांतून माणूस चालत जाईल इतका व्यास. असा पाइप कुणी वाकवत नाही. पत्र्याचे तिरके काप काढून ते एकापुढे एक जोडतात, आणि त्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून वळण तयार होते. याला मायटर बेंड म्हणतात. पत्र्यावर कापाची रेषा आखणे हे भूमितीचे काम आहे. गोल पाइपाच्या तिरक्या कापाची उलगडलेली रेषा लाटेसारखी येते. शाळा अर्धवट सोडलेले फॅब्रिकेटर ही रेषा खडूने हातोहात आखतात. त्यांच्या या ज्ञानाला आपल्याकडे म्हणावी तशी प्रतिष्ठा मिळालेली नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आणखी एक मोठे गिऱ्हाईक पुण्याकडून आले, ते वाहनांचे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच सुमारास कोयनेची वीज सुरू झाली, आणि 1960 पासून कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. पिंपरी-चिंचवडला स्कूटर आणि ट्रक बनू लागले. मूळच्या कराड भागातल्या कल्याणी घराण्यातले नीळकंठराव कल्याणी यांनी 1961 साली पुण्यात भारत फोर्ज काढली. 1975 साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि तिथून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडच्या उत्तरेला, तासवडेची औद्योगिक वसाहत वसली. महामार्गावरून रात्रीत पुण्याला माल पोचू शकतो, ही या जागेची मोठी सोय.

वाहनाच्या कामाने नळी वाकवण्याचा धंदा पार बदलला. दुरुस्तीच्या कामात एक नळी जागेवर ठोकून बसवता येते. गाडीच्या कारखान्यात रोज हजार नळ्या जातात आणि तिथे ठोकायला कुणी उभे नसते. हजारावी नळी पहिलीसारखीच हवी. म्हणून हाताच्या बेंडरवरून हायड्रॉलिकवर आणि हायड्रॉलिकवरून सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रावर, जावे लागले. सीएनसी यंत्राला तीनच गोष्टी सांगायच्या असतात: नळी किती पुढे सरकवायची, स्वतःभोवती किती फिरवायची आणि किती अंश वाकवायची. कापायची लांबी हिशेबाने काढतात. 100 मिलिमीटर त्रिज्येच्या 90 अंशांच्या वळणाला सुमारे 157 मिलिमीटर नळी लागते. दोन्हीकडचे सरळ भाग 300-300 असतील तर एकूण 757. हिशेबात दोन मिलिमीटर चुकले तर हजार नगांत दोन मीटर नळी भंगारात जाते, आणि वेल्डिंगच्या जिगमध्ये ती बसत नाही तो त्रास वेगळा.

वाकवणे हा मध्यभाग. त्याआधी कापणी आणि कडांची धार काढणे, नंतर टोके फुगवणे, आवळणे किंवा त्यांना मणी पाडणे, भोके, जिगवर टॅकिंग, मिग वेल्डिंग, गळतीची तपासणी, फॉस्फेटची टाकी, पावडर कोटिंग. कारखाना वाढतो तो बहुधा या साखळीतूनच. सुरुवातीला एखादा फिटर किंवा पदविकाधारक भाड्याच्या शेडमध्ये एका बेंडरवर जॉबवर्क करतो. नळी गिऱ्हाइकाची, मजुरी याची. मग तो नळी स्वतः विकत घेऊ लागतो आणि वाकवलेला नग विकतो. मग वेल्डिंग घेतो आणि पूर्ण सांगाडा देतो. शेवटी रंगवून, तपासून, थेट जुळणीच्या रांगेवर जाईल असा माल देतो. प्रत्येक पायरीला नगामागे मिळणारे पैसे वाढतात, आणि अडकणारे पैसेही.

या वाढीची खरी फूटपट्टी यंत्रांची संख्या नव्हे. गिऱ्हाइकाने आलेला माल मोजायचे सोडून दिले, तो दिवस कारखाना मोठा झाल्याचा. तिथवर पोचायला तपासणीचे गेज, नोंदी, आयएसओ आणि वाहन उद्योगाची स्वतंत्र प्रमाणपत्रे लागतात. पण त्याआधी लागतो तो सेटर. नळीचा आवाज ऐकून मँड्रेल किती मागे-पुढे करायचा हे सांगणारा माणूस दोन-चार वर्षांत तयार होतो आणि तो सोडून गेला तर यंत्र पुष्कळ दिवस हिरमुसते. अशा माणसाला टिकवणाऱ्या कारखानदारांचीच वाढ टिकलेली दिसते.

पैशाची बाजू नाजूक असते. नळी रोखीने किंवा थोड्या उधारीवर घ्यायची आणि मोठ्या कंपनीचे बिल उशिरा यायचे, यात चांगली चाललेली वर्कशॉपेही बुडतात. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक केले. अलीकडे आयकर कायद्यातही अशी तरतूद आली की ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत 25 कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघू गणला जातो. लहान कारखानदाराने नोंदणी करून या हक्काचा उपयोग करावा. बिल मागणे म्हणजे गिऱ्हाईक तोडणे नव्हे.

प्रभाकर कंदिलाला संपवले ते विजेने. खेड्यापाड्यांत दिवे आले आणि वाकवलेल्या नळ्यांचा तो दिवा माळ्यावर गेला. आता वीज गाडीच्या पोटात शिरते आहे. विजेच्या गाडीला सायलेन्सर नाही, धूर वाहणारी नळी नाही. ज्या वर्कशॉपची सगळी रोजीरोटी एक्झॉस्टच्या पाइपांवर आहे, त्याच्यापुढे ओगलेवाडीचाच प्रश्न उभा आहे. नळीचे काम मात्र संपणार नाही. बॅटरी थंड ठेवायला ॲल्युमिनियमच्या वाहिन्या लागतात, सीटचे सांगाडे लागतात, दवाखान्याचे पलंग, सौरपॅनेलचे आधार, फवारणीचे बूम, गोठ्यातले गव्हाणीचे कठडे लागतात. यातल्या शेतीच्या आणि दवाखान्याच्या वस्तू अशा आहेत की त्यांचे ड्रॉइंग पुण्याहून येण्याची वाट पाहायला नको. गिऱ्हाईक दारात आहे, त्याची अडचण इथल्याच माणसाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर अचूक काम करायला या भागातले कारखाने उत्तम शिकले. स्वतःच्या नावाची वस्तू काढण्याचे धाडस, जे ओगले आणि किर्लोस्करांनी याच भागात केले होते, ते आज कमी दिसते.

जुन्या घराच्या माळ्यावर एखादा प्रभाकर कंदील सापडला तर तो भंगारात घालू नये. त्याच्या बाजूच्या नळीवरून बोट फिरवून पाहावे, आणि शक्य असेल तर तो जवळच्या शाळेच्या किंवा आयटीआयच्या कपाटात ठेवायला द्यावा. कराडच्या नळीकामाचा तो जुना नमुना आहे.